खाली कुणीतरी हवं

माझा दादा भूगोलाचा मास्तर. जगातली सगळी मोठी शिखरं त्याला उंचीसकट तोंडपाठ, पण घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढायचं म्हटलं की तो दोन पावलं मागे सरकतो. बल्ब वहिनी बदलते. दादा स्टूल धरतो, तेही डोळे मिटून.

ही त्याची टिंगल नाही. बरं, आहे थोडी. धाकट्या बहिणीला तेवढा हक्क असतो. पण सांगायचा मुद्दा असा, की या माणसानं देशातल्या उंच उंच जागांवर एक पुस्तक लिहिलं आहे. कुठल्या मनोऱ्यावरून काय दिसतं, कुठल्या कड्यावर संध्याकाळी जावं, कुठे वारा टोपी पळवतो, सगळं त्यात आहे. पुस्तक हातोहात खपलं. आता स्टुलावर चढता न येणारा माणूस असं पुस्तक लिहितो, म्हणजे त्याच्या वतीनं कुणीतरी चढत असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ती मी.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, लग्नातला कोट पुढे पोटावर सैल करून देणं, असली कामं. दिवसभर मान खाली घालून बसायचं काम, म्हणूनच की काय, सुट्टी मिळाली की मला वर जावंसं वाटतं. लहानपणापासूनच. शाळेच्या मागे एक मोठं झाड होतं. मी त्यावर चढायची आणि दादा खाली दोन्ही हात पसरून उभा राहायचा. "चढ, खारे. मी आहे खाली." खार हे त्यानंच ठेवलेलं नाव. त्याच्या त्या काडीसारख्या हातांत मी खरंच पडले असते तर दोघांचीही हाडं मोडली असती. पण हे तेव्हा कुणाला कळत होतं? खाली दादा आहे म्हणजे आणखी एक फांदी चढायला हरकत नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

तो निवृत्त झाला आणि घरात नुसता बसून राहू लागला. वहिनी एक दिवस दुकानात आली, शिवणयंत्राशेजारच्या खुर्चीवरचे कपडे बाजूला सारून बसली आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला कुठेतरी घेऊन जा हो. काल टीव्हीवाल्यांना फोन केला त्यांनी. म्हणे, हवामान सांगणारी मुलगी नकाशाच्या पुढ्यात उभी राहते, त्यामुळे सगळा किनारा झाकला जातो."

"मग? उचलला का कुणी फोन?"

"उचलला ना. तेच तर दुःख आहे. अर्धा तास शिकवत होते त्या बिचाऱ्याला." ती हसली, आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागली. "खिडकीतल्या खुर्चीतून हलत नाहीत हो. जेवायला हाक मारली तरी दोनदा मारावी लागते."

त्या रविवारी मी दादाला गाडीत घातलं आणि गावाबाहेरच्या जुन्या मनोऱ्यापाशी नेलं. तो थर्मास घेऊन खालच्या बाकावर बसला, मी वर गेले. खाली आले तर त्यानं प्रश्नांनी मला भंडावून सोडलं. नदीचं वळण केवढं? पलीकडच्या टेकडीवर झाडं की नुसतं गवत? पूल दिसतो का, आणि पुलावरची माणसं दिसतात का? घरी जाऊन त्यानं एक पानभर लिहिलं. ते वाचून मला वाटलं, हाच वर गेला होता आणि मी खाली चहा पीत बसले होते.

मग आम्हाला नादच लागला. शनिवारी दुपारी दुकानाला कुलूप लावायचं आणि निघायचं. दीपगृहं झाली, कडे झाले, जंगलातली पहाऱ्याची मचाणं झाली, एका गावात तर पाण्याच्या टाकीभोवतीची गॅलरीसुद्धा सोडली नाही. वरून फोन केला तर नुसता वाऱ्याचा आवाज यायचा, म्हणून आम्ही झाडावरच्या लहानपणच्या हातखुणा पुन्हा काढल्या. मी कठड्याशी येऊन दादाच्या बाकाकडे तोंड करून उभी राहायची. ज्या बाजूला काही असेल त्या बाजूचा हात आधी लांब करायचा. बोटं नाचवली की पाणी, दोन्ही तळवे जोडून छप्पर केलं की डोंगर, मूठ म्हणजे गाव. दादा खाली बसून टिपून घ्यायचा. रंग, आकार, वास वगैरे बारकावे मी खाली आल्यावर. पुढे तो ते लिहून दुकानात येऊन वाचून दाखवायचा, आणि मी यंत्र चालवता चालवता "छान, छान" म्हणायची. शिवणयंत्राच्या आवाजात निम्मं ऐकूच यायचं नाही.

वहिनी सांगायची, आता जेवायला एकदा हाक मारली तरी पुरते. कधी कधी तर हाक मारायच्या आधीच हजर.

पुस्तक छापताना प्रकाशकांनी दोन बदल केले. दादानं सगळीकडे "आम्ही" लिहिलं होतं, त्याचं त्यांनी "मी" केलं. म्हणाले, "आम्ही म्हटलं की राजेसाहेब बोलतायत असं वाटतं." दुसरं म्हणजे पूर्व-पश्चिम काढून टाकलं. "मास्तर, सुट्टीवर निघालेल्या माणसाला ईशान्य कळत नाही. डावीकडे, उजवीकडे असं लिहा." दादानं मुकाट्यानं तसं लिहून दिलं. त्याची टिपणं पुढ्यात होतीच.

आणि मग वाचकांचे फोन यायला लागले.

एक जोडपं लग्नानंतर लगेच एका कड्यावर गेलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं, डावीकडे धबधबा. त्या दोघांनी हातात हात घालून बराच वेळ डावीकडे बघितलं, तिथे ट्रकचा तळ होता. दुसऱ्या एकानं उजवीकडे तळं शोधता शोधता दुर्बिणीतून कुणाच्या तरी न्हाणीघराची खिडकी बघितली आणि घरमालकाचा ओरडा खाल्ला. असे फोन वाढत गेले, तेव्हा प्रकाशक स्वतःच दादाच्या घरी आले. मोठ्या पोटाचा, खांद्यावरच्या पट्ट्यांनी पँट धरून ठेवणारा माणूस. (पँटची मागची शिवण उसवायला आली होती. पण ती वेळ नव्हती.)

"मास्तर, मला सरळ सांगा," ते म्हणाले. "तुम्ही वर गेला होतात की नाही?"

दादानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघत होते, तो खरं सांगणार होता. पण प्रकाशकांना दम कुठला! "कारण लेखक वर गेलाच नसेल, तर ते पुस्तक मी एक दिवससुद्धा बाजारात ठेवणार नाही. दुकानांतून परत मागवीन. आणि का मागवलं, तेही सांगीन लोकांना."

दादानं तोंड मिटलं. या गावातली निम्मी माणसं त्याच्या हाताखालून गेलेली. भाजीवाली असो की बँकेतला साहेब, रस्त्यात भेटले की "सर" म्हणून थांबतात. त्यांच्यासमोर तो खोटा ठरणार होता. आणि खरं सांगू? मला त्याच्या नावाची काळजी नव्हतीच. मला ती खिडकी आणि ती खुर्ची दिसत होती. पुस्तक गेलं की दादा परत तिथे जाऊन बसणार.

"जंगलाच्या कडेला नवा मनोरा झालाय," प्रकाशक म्हणाले. "येत्या रविवारी आपण दोघं चढू. वर उभं राहून मला दाखवा, डावीकडे काय आणि उजवीकडे काय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तो आठवडा आम्ही दादाला चढवण्यात घालवला. आधी स्टूल. मग माझ्या दुकानातल्या माळ्याची शिडी. तिसऱ्या पायरीवर तो थांबला आणि पुटपुटू लागला. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. कान देऊन ऐकलं तर नद्या. घाबरला की हा नद्या म्हणतो, उगमापासून मुखापर्यंत, उपनद्यांसकट.

"उतरवा त्यांना," वहिनी म्हणाली. "नाहीतर समुद्राला मिळतील."

मी हसले, दादाही हसला, पण शिडीच्या दांड्यावरची त्याची बोटं पांढरी पडली होती. चौथी पायरी काही झाली नाही.

रविवारी वहिनी आली नाही. "माझ्याच्यानं बघवणार नाही," म्हणाली, आणि दादाच्या सदऱ्याचं वरचं बटण आधीच लावलेलं असताना पुन्हा एकदा लावून दिलं.

मनोरा बघितला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लाकडी खांब, मधून गोल गोल फिरत जाणारा जिना, आणि माथा थेट झाडांच्या शेंड्यांच्याही वर. आजवर आम्ही पाहिलेला सगळ्यात उंच. मी त्यासाठी नवे बूट घेतले होते. पायऱ्या मात्र लोखंडी जाळीच्या होत्या, पायाखाली थेट जमीन दिसेल अशा. दादानं त्या पाहिल्या आणि थर्मास छातीशी घट्ट धरला.

"मी तुझ्या मागेच आहे," मी त्याला हळूच म्हटलं. "पडलास तर माझ्यावर पडशील."

"नको," तो म्हणाला. "खारे, तू खाली थांब."

"मी? खाली? अरे, मी कशाला—"

"मला खाली कुणीतरी हवं."

राग आला मला. आठवडाभर मी त्या माथ्याची स्वप्नं बघितली होती, आणि आता मी त्या विणत बसलेल्या तिकीटवालीशेजारी उभी राहून काय करणार होते, विणकाम? पण दादानं आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. मी त्याच्या हातातला थर्मास, टिपणाचा कागद आणि पेन्सिल घेतली आणि त्याच्या ठरलेल्या जागी, बाकापाशी जाऊन उभी राहिले.

दोघं चढायला लागले. पुढे प्रकाशक, मागे दादा. थोड्याच वेळात नद्या ऐकू यायला लागल्या.

"काय म्हणताय मास्तर?"

"काही नाही. उजळणी."

पहिल्या वळणावर एक चौथरा होता, तिथे बसायला फळी. प्रकाशक त्या फळीवर असे बसले, की आता त्यांना उठवायला क्रेन मागवावी लागेल. चेहरा लालबुंद, रुमाल मानेभोवती. वरून त्यांचा आवाज स्वच्छ आला.

"मास्तर, पटलं हो. इथवर आलात ना, बास झालं. डाव्या-उजव्याचं काय, छापताना चुकलं म्हणून सांगू. चला, खाली जाऊन कॉफी घेऊ."

माझा जीव भांड्यात पडला. सुटलो! नाव वाचलं, पुस्तक वाचलं, दादाची खुर्ची रिकामी ती रिकामीच राहणार. आता फक्त खाली उतरायचं होतं. दादानं एक पाय खालच्या पायरीवर टाकलासुद्धा.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी "ये, ये" म्हणून खुणावणार होते, तेव्हा लक्षात आलं की माझे दोन्ही हात आधीच पसरलेले आहेत. कधी पसरले, देव जाणे. एका हातात थर्मास, दुसऱ्यात कागद, आणि मी त्या मनोऱ्याखाली भुजगावण्यासारखी उभी. तिकीटवाली विणायची थांबून माझ्याकडे बघत होती.

दादानं तो पाय उचलला आणि वरच्या पायरीवर ठेवला.

"अहो मास्तर! कुठे निघालात?"

दादा थांबला नाही. एका हातानं कठडा धरून, तोंड माझ्याकडे करून, खेकड्यासारखा आडवा आडवा चढत होता. जिना फिरून पलीकडे गेला की दिसेनासा व्हायचा, तेव्हा फक्त नद्या ऐकू यायच्या. अलीकडे आला की आधी त्याचे डोळे मला शोधायचे. मी हलले नाही. हातांना रग लागली तरी खाली घेतले नाहीत. तो पडला असता तर मी त्याला कशी झेलणार होते, हे मला विचारू नका.

मग नद्या थांबल्या. वर माथ्यावर, कठड्याशी, दादा उभा होता. पाठ खांबाला टेकलेली, पण उभा होता. त्यानं उजवा हात कठड्यावरून सोडवला, लांब केला आणि बोटं नाचवली.

पाणी! तळं दिसत होतं त्याला. मी थर्मास बाकावर टाकला आणि कागदावर लिहिलं: डावीकडे तळं.

लिहिलं आणि पेन्सिल तिथेच थांबली. डावीकडे? उजवा हात होता ना त्याचा?

अगं बाई. गिऱ्हाईक माप द्यायला समोर उभं राहतं तेव्हा त्याचा उजवा खांदा माझ्या डाव्या हाताला येतो. शिवणकामात पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. रोज दहा माणसांची मापं घेणारी मी, आणि पोरांना नकाशा शिकवण्यात जन्म घालवलेला हा, आणि आम्हा दोघांना मिळून एवढं कळलं नाही! मी वरून त्याच्याकडे तोंड करून हात दाखवायची, आणि तो खालून जसा दिसला तसा लिहून घ्यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अख्खं पुस्तक आम्ही उलटं करून ठेवलं होतं.

"दादा!" मी ओरडले. "उलटं आहे रे! सगळं उलटं! तू माझ्याकडे तोंड करून बसायचास!"

वर त्याला काही ऐकू गेलं नाही. तो आता छप्पर करून डोंगर दाखवत होता. पण चौथऱ्यावर बसलेल्या प्रकाशकांना शब्द न् शब्द ऐकू गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर दादाकडे पाहिलं, आपले दोन्ही हात पुढे धरून एकदा उलटसुलट केले, आणि कपाळावर मारून घेतले.

दादा उतरला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ ओलीचिंब होती. प्रकाशक चौथऱ्यावरून त्याच्यासोबतच उतरले. त्यांचा हात दादानं धरला होता की दादाचा त्यांनी, ते नीट सांगता यायचं नाही. खाली आल्याबरोबर दादा म्हणाला, "साहेब, मी आज पहिल्यांदा वर गेलो. बाकी सगळीकडे ही गेली होती. परत मागवायचं असेल तर मागवा पुस्तक."

प्रकाशक तापले. फसवणूक, विश्वास, वाचक, असे मोठे मोठे शब्द झाले. आम्ही दोघं शाळेत उभं केल्यासारखे ऐकत होतो. शेवटी त्यांचा श्वास संपला. "म्हणजे," ते म्हणाले, "पुस्तक खोटं नाही. नुसतं उलटं आहे."

"तुम्हीही पहिल्या चौथऱ्यावर बसून होता," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "ती गोष्ट बाहेर जायला नको," ते म्हणाले, आणि कॉफी आणायला निघून गेले. परत आले तेव्हा दुसऱ्या आवृत्तीबद्दलच बोलत होते: डावं-उजवं सुधारून, "मी"चं पुन्हा "आम्ही" करून, आणि मुखपृष्ठावर दोन नावं. मी त्यांना सांगितलं, पँट दुकानात आणून टाका, तेवढी शिवण मी फुकट घालून देईन.

परतीच्या वाटेवर दादानं वहिनीला फोन लावला. ती आधी रडली. मग म्हणाली, उरलेल्या प्रती आरशासकट विका.

मी गाडी चालवत होते. दादा शेजारी बसून हाताची बोटं उघडमीट करत होता.

"त्यांनी बास म्हटलं होतं," मी विचारलं. "तरी का गेलास वर?"

"मला बघायचं होतं."

"तळं?"

"नाही गं. तू वरून बघायचीस तेव्हा काय दिसायचं ते." त्याची बोटं थांबली. "एवढीशी दिसत होतीस. तोंडसुद्धा नीट कळत नव्हतं. पण हात पसरलेले आहेत, ते मात्र कळत होतं. खांबापासून हललो नसतो मी, पण ते बघून आधी एक हात सुटला, मग दुसरा."

मला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला, म्हणून मी गाडी कडेला घेतली. इतक्या मनोऱ्यांवर गेले, इतकी तळी आणि डोंगर त्याला सांगितले. पण वर पोचल्यावर मी आधी काय बघते, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. बाकावर थर्मास घेऊन बसलेला, मान वर करून माझ्याकडे टक लावून बघणारा एवढासा दादा. तो दिसला की मग मी बाकीचं बघायची.

आता सांगितलं.

त्यानं पेन्सिल काढली. कागद पुढ्यात घेतला, माझ्या अक्षरातलं "डावीकडे तळं" खोडून "उजवीकडे" केलं, आणि त्याच्या वर, अगदी पहिली ओळ म्हणून, एक वाक्य लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रत्येक मनोऱ्याच्या सुरुवातीला छापलं आहे: वर पोचल्यावर आधी खाली बघा, कुणी उभं असेल तर हात हलवा.